रेशनची रांग आणि शहरावरचा हक्क

१९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्राची खेडी होरपळून निघाली, तेव्हा त्याची झळ मुंबईच्या स्वयंपाकघरांनाही लागली. धान्य, साखर, गोडेतेल आणि रॉकेल मिळविण्यासाठी दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागत. त्याच साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते प्रभृतींच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि लाटणी व थाळ्या घेऊन निघालेले स्त्रियांचे मोर्चे मंत्र्यांच्या दारापर्यंत जाऊन धडकले. समाजवादी आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्यांबरोबरच कोणत्याही पक्षाशी संबंध नसलेल्या असंख्य गृहिणी त्यांत होत्या. पुढे आणीबाणीत या तिन्ही नेत्यांना तुरुंगवास घडला आणि चळवळ थंडावली. परंतु शहरातील सामान्य माणूस संघटित होऊन अन्नाचा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे मांडू शकतो, हे तिने दाखवून दिले होते.

त्या चळवळीचे प्रतीक म्हणून लाटणे सर्वांच्या स्मरणात राहिले. तिच्या बळाचे मूळ मात्र रांगेत होते. रेशनच्या रांगेत गिरणी कामगाराची बायको उभी असे. तिच्यामागे प्राथमिक शिक्षकाची आणि तिच्यामागे सचिवालयातील कारकुनाची. तिघींची घरे निराळी, जाती निराळ्या, बोलण्याची धाटणीही निराळी. पण दुकान एकच, तराजू एकच आणि ‘आज माल आलेला नाही’ हे ऐकावे लागणारे उत्तरही एकच. तासन् तास शेजारी उभे राहिल्याने ओळख होते, ओळखीतून तक्रार सामायिक होते आणि सामायिक तक्रारीतून संघटना उभी राहते. ही एकी कोणी व्याख्याने देऊन घडविली नव्हती. शासनाच्याच एका व्यवस्थेने ती आपसूक घडविली होती.

आज मुंबईत अन्नाच्या हक्कासाठी झगडणारे लोक आहेत, घरासाठी झगडणारे आहेत आणि झाडे, खाड्या, मोकळी हवा यांसाठी झगडणारेही आहेत. त्यांची संख्या थोडी नाही, निष्ठाही कमी नाही. तरीसुद्धा यश उशिरा येते, अपुरे येते आणि पुष्कळदा एकाचे यश दुसऱ्याच्या मुळावर येते. याचे कारण असे की, एकेकाळी एका रांगेत उभे असलेले लोक आता तीन वेगवेगळ्या रांगांत उभे आहेत. रांग मोडली, तेव्हा तिच्याबरोबर संघटनाही मोडली. आणि ती पुन्हा जोडल्याविना या शहरात अन्न, जमीन व हवामान यांपैकी कोणत्याच बाबतीत न्याय मिळणे कठीण आहे.

रांग कशी मोडली?

मुंबईत रेशनिंग सुरू झाले ते १९४३ साली, युद्धकाळात. पुढे अर्धशतक या ना त्या रूपाने ही व्यवस्था सर्वांसाठी खुली होती. साखरेचा कोटा शिक्षकही आणी आणि हमालही आणी. धान्यात खडे निघाले तर वर्तमानपत्राकडे पत्र पाठविणारा वाचक, विधानसभेत प्रश्न विचारणारा आमदार आणि दुकानापुढे भांडणारी बाई, या तिघांच्या घरी तेच धान्य शिजत असे. १९९७ साली केंद्र सरकारने ‘लक्ष्यनिर्धारित’ वितरणाचे धोरण आणले. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळे, केशरी आणि पांढरे अशी तीन रंगांची कार्डे आली. गरजूंनाच धान्य मिळावे, हा हेतू वरवर पाहता रास्त होता. परंतु पांढरे कार्ड हाती येताच मध्यमवर्ग रांगेतून बाहेर पडला आणि त्याच्याबरोबर त्याचा आवाजही बाहेर पडला. जी व्यवस्था केवळ गरिबांची राहते, तिच्याकडे लक्ष देण्याचे कारण कोणालाच उरत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. पालिकेच्या शाळांचे आणि इस्पितळांचे असेच झाले.

२०१३चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा हे निःसंशय पुढचे पाऊल होते. पण त्या कायद्यातच शहर आणि खेडे यांत भेद केलेला आहे. देशभरात ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत, तर शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना त्याचा लाभ द्यावयाचा, असे ठरले. महाराष्ट्राच्या शहरांच्या वाट्यास ४५.३४ टक्के आले. कायदा अमलात आणताना शहरी कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये ठेवण्यात आली. म्हणजे महिन्यास पाच हजारांहूनही कमी. नवरा बांधकामावर आणि बायको चार घरची धुणीभांडी करणारी, असे कुटुंबही या हिशेबाने ‘गरीब’ ठरत नाही. त्यावर आणखी कडी अशी की, लाभार्थ्यांची कमाल संख्या २०११च्या जनगणनेवरून निश्चित झाली, आणि २०२१ची जनगणना वेळेवर झालीच नाही. मधल्या काळात जी माणसे जन्मली, लग्न होऊन आली, दुष्काळी तालुक्यांतून पोटासाठी आली, त्यांची भूक गणतीत धरलेलीच नव्हती.

२०२०च्या टाळेबंदीत या गणतीचा अर्थ उघडा पडला. रोजगार एका दिवसात थांबला आणि शिधापत्रिका नसलेली वा चुकीच्या रंगाची असलेली कुटुंबे उघड्यावर पडली. मे व जून महिन्यांत केशरी कार्डधारकांना गहू आठ रुपये आणि तांदूळ बारा रुपये किलो या दराने देण्याची सोय राज्य सरकारला करावी लागली. ज्यांना आपण ‘गरजू नाहीत’ म्हणून यादीतून वगळले होते, ते गरजू होते, याची ती एक प्रकारे कबुलीच होती. ज्यांच्याजवळ कार्डच नव्हते, त्यांना वस्तीतील मंडळांनी, तरुणांनी आणि शेजारणींनी चालविलेल्या स्वयंपाकघरांनी जगविले. संघटनेची सवय जेथे आधीपासून होती, तेथे हे काम दोन दिवसांत उभे राहिले.

येथे नोकरदार वाचकांना एका गोष्टीचे स्मरण करून देणे उचित होईल. दरमहा पगारातून व्यवसाय कराचे दोनशे रुपये कापले जातात. हा कर १९७५च्या कायद्याने आला, तो १९७२च्या दुष्काळातून जन्मलेल्या रोजगार हमी योजनेसाठी. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या भाकरीची हमी घ्यावी, हा उदात्त करार महाराष्ट्राने देशात प्रथम केला. पण तोच मजूर दुष्काळाला कंटाळून शहरात आला की, आपण त्याला ‘लोंढा’ म्हणतो; आणि नाल्याकाठी त्याने बांधलेल्या खोलीला ‘अतिक्रमण’.

भाकरीखालची जमीन

अन्नाचा प्रश्न शहरात जमिनीपासून वेगळा काढता येत नाही. गिरणगावाचे उदाहरण घ्यावे. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार पिढ्यान् पिढ्या खाणावळींत जेवले. या खाणावळी चालविणाऱ्या स्त्रिया बहुधा कामगारांच्याच घरच्या. सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. चुलीपासून सुरू झालेली ही संघटना भारतातील स्त्रियांच्या पतचळवळीच्या इतिहासात मोलाची ठरली.

परंतु चूल ज्या जमिनीवर पेटत होती, ती जमीनच पुढे हलली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो फसला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या मध्यभागी मोकळी होऊ लागली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत त्या जमिनीच्या वाटणीचे एक सूत्र होते. ढोबळमानाने एक हिस्सा पालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक हिस्सा म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. मोकळी हवा, गरिबांची घरे आणि मालकाचा नफा या तिन्हींचा समेट घालणारे ते सूत्र निर्दोष नव्हते. पण शहराच्या हिताचे होते. २००१ साली त्यात बदल झाला. संपूर्ण जमिनीऐवजी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची वाटणी करावी, असे ठरले, आणि सार्वजनिक हिस्सा आक्रसून गेला. मुंबई पर्यावरण कृती गटाने त्याविरुद्ध याचिका केली. उच्च न्यायालयाने २००५ साली ती मान्य केली, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला.

हा बदल झाला त्या सुमारास लाखो लोकांनी रस्त्यावर यावयास हवे होते. ते आले नाहीत, कारण प्रत्येकाने त्यात आपापलाच तुकडा पाहिला. मैदानांची काळजी करणाऱ्यांना कामगारांच्या घरांविषयी आस्था बेताची होती. कामगारांना थकलेली देणी आणि घर यांपलीकडे पाहण्याची उसंत नव्हती. परळ-लालबागचा मध्यमवर्ग आपल्या चाळीच्या पुनर्विकासाची वाट पाहत होता. तरीही १९८९ साली स्थापन झालेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने, दत्ता इस्वलकर यांच्या नेतृत्वाखाली, तो धागा सोडला नाही. गिरणीच्या जमिनीवर कामगाराचा हक्क आहे, हे तिने शासनाकडून मान्य करून घेतले. २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत निघाली. मात्र अर्ज सुमारे दीड लाख होते. इस्वलकर २०२१ साली गेले. हयातभर लढून जे मिळाले, ते मोठे की थोडे, हा प्रश्न त्या दोन आकड्यांतच आहे.

याउलट दुसरे उदाहरण गोरेगावचे आहे. १९७६च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यान्वये अतिरिक्त ठरलेली जमीन गोरगरिबांच्या घरांसाठी मिळावी, म्हणून मृणाल गोरे, प. बा. सामंत आदींनी नागरी निवारा परिषद स्थापन केली. सभा, मोर्चे, न्यायालय असे सर्व मार्ग चोखाळून दिंडोशीला जमीन मिळविली आणि सहा हजारांवर घरे उभी राहिली. त्या घरांत शिक्षक राहावयास गेले, कारकून गेले, कामगारही गेले. लाटणे मोर्चातील रांगच जणू येथे वसाहतीच्या रूपाने उभी राहिली. तो कायदा महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला. जमीन मोकळी झाली की घरांचे भाव उतरतील, असे तेव्हा सांगण्यात येत होते. ते किती उतरले, हे भाड्याच्या घरात राहणाऱ्या कोणाही नोकरदारास विचारावे.

पाऊस कोणावर पडतो?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मंत्रालयातून निघालेला अधिकारी आणि वांद्र्याहून निघालेला शिपाई छातीभर पाण्यातून बरोबरच चालले. निसर्ग भेदभाव करीत नाही, असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले. ते अर्धेच खरे होते. पाऊस सर्वांवर पडला. पण मिठी नदीकाठच्या खोल्यांतील धान्याचे डबे, मुलांची पुस्तके आणि रेशनकार्डे वाहून गेली, आणि साकीनाक्याला डोंगराची कड घरांवर कोसळली. मिठीचे पात्र विमानतळासाठी वळविले आणि वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाजण बुजविले, ते झोपडीवासीयांनी नव्हे. पाणी तुंबण्याचा निर्णय घेणारे एक आणि तुंबलेल्या पाण्यात राहणारे दुसरे, यालाच हवामानाचा अन्याय म्हणावयाचे.

या प्रश्नावर पर्यावरणवादी आणि वस्त्यांतील लोक एकमेकांसमोर उभे ठाकल्याची उदाहरणे अधिक शोचनीय आहेत. गिरण्यांच्या जमिनीसाठी झगडलेल्या त्याच पर्यावरण कृती गटाने १९९५ साली बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध याचिका केली होती. १९९७ साली उच्च न्यायालयाने झोपड्या हटविण्याचा व पात्र कुटुंबांचे अन्यत्र पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. जंगल वाचविण्याचा हेतू निर्विवाद होता. परंतु हटविणे झपाट्याने झाले आणि पुनर्वसन रेंगाळले. मालाडच्या कुरार भागात, उद्यानाच्या हद्दीवर, कित्येक कुटुंबे वीस-वीस वर्षे घराची वाट पाहत राहिली. २ जुलै २०१९च्या मध्यरात्री अतिवृष्टीत तेथील जलाशयाची संरक्षक भिंत त्यांच्या झोपड्यांवर कोसळली आणि तीसच्या आसपास माणसे दगावली. जंगलाची बाजू न्यायालयात जिंकली. पण आदेशातील घराचा अर्धा भाग अमलात आणण्यासाठी झगडणारी संघटित शक्ती पाठीशी नव्हती. जिंकलेला निकाल आणि कोसळलेली भिंत यांत बावीस वर्षांचे अंतर आहे.

माहूलची कथा याच्या उलट दिशेने जाऊन त्याच ठिकाणी पोचते. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटविण्याचा आदेश झाला आणि तेथील रहिवाशांना माहूल येथे इमारतींत घरे देण्यात आली. घर मिळाले, पत्ता मिळाला; पण भोवती तेलशुद्धीकरण कारखाने. तेथील हवा रहिवाशांच्या प्रकृतीस घातक असल्याचा निर्वाळा हरित लवादाने २०१५ सालीच दिला होता. घरोघरी आजार सुरू झाले, तेव्हा २०१८च्या अखेरीस रहिवासी विद्याविहारला रस्त्याकडेला येऊन बसले. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने, तेथे कोणासही सक्तीने पाठवू नये आणि अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला. जमिनीचा प्रश्न सोडविताना हवेचा विचार केला नाही, की हे असे होते. २०२४ साली धारावीच्या पुनर्विकासासाठी सुमारे अडीचशे एकर मिठागरांची जमीन देण्यास केंद्राने मंजुरी दिली. भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावून घेणाऱ्या सखल भूमीवर गरिबांना वसवावयाचे आणि पुढे पाणी भरले की निसर्गाला दोष द्यावयाचा, असे होऊ नये, एवढाच माहूलचा धडा आहे.

जेथे रांग पुन्हा जुळली

सर्वत्र निराशाच आहे असे नाही. सागरी किनारा रस्त्याचे काम सुरू झाले, तेव्हा वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांनी एक साधी गोष्ट सांगितली. नियोजित पुलाच्या खांबांतील साठ मीटर अंतरातून उधाणाच्या समुद्रात होड्या सुखरूप नेता येणार नाहीत. अंतर १२० मीटर हवे. त्यांनी भर समुद्रात होड्या नेऊन काम अडविले आणि कागदपत्रांची लढाईही लढविली. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने १२० मीटरची मागणी मान्य केली. यात रस्त्याला सरसकट विरोध नव्हता. पिढीजात अनुभवाचे ज्ञान आराखड्यात यावे, एवढाच आग्रह होता. होडी वाचली म्हणजे कोळणीची पाटी वाचली, आणि पाटी वाचली म्हणजे शहराच्या जेवणातील एक ताजा जिन्नस वाचला. जमीन, अन्न आणि समुद्र ही येथे एकाच मागणीत आली होती.

आरेचे आंदोलन याहून मोठे आणि त्याचे फळ अधिक संमिश्र. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्यास प्रारंभ झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबविली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. कारशेड अखेर तेथेच झाली. तरीही आरेतील सुमारे ८०० एकर भूमी राखीव वन म्हणून घोषित करण्याचा निर्णय २०२० साली सरकारला घ्यावा लागला, हे या आंदोलनाचेच फलित. येथे पाड्यांतील वारली आदिवासी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी प्रथमच खांद्याला खांदा लावून उभे राहिले. जंगल वाचविणे म्हणजे जंगलातील माणसाला हाकलणे नव्हे, हे त्या विद्यार्थ्यांना पाड्यावरच समजले. राष्ट्रीय उद्यानाच्या खटल्यापासून आरेपर्यंत आलेला हा वैचारिक बदल लहान नाही.

तिसरे उदाहरण सुशिक्षितांनी विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. २०१५ साली मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा वस्तीसंघटना, वास्तुविशारद, प्राध्यापक आणि विद्यार्थी नकाशे घेऊन गल्लोगल्ली बसले. कोठे शाळा दाखविली नाही, कोठे कोळीवाडा पुसला गेला, हे लोकांनी बोट ठेवून दाखविले. साठ हजारांहून अधिक सूचना व हरकती दाखल झाल्या आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा मागे घ्यावयास लावावे लागले. या लढ्यात लाठी नव्हती, उपोषण नव्हते. नकाशा वाचता येणारा आणि वस्ती ओळखणारा, असे दोघे एका सतरंजीवर बसले होते.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. प्रत्येक वस्तीला विचारीत बसले तर शहराचा विकास व्हावयाचा कसा? दोन कोटींच्या महानगर प्रदेशास रस्ते हवेत, मेट्रो हवी. दर खांबासाठी सभा भरविणे शक्य आहे काय? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. सकाळच्या लोकलमध्ये लोंबकळत जाणाऱ्या कारकुनाला मेट्रो हवीच असते, आणि त्याला तसे वाटण्यात काही वावगे नाही. परंतु अनुभव काय सांगतो? वरळीत मच्छीमारांचे आधीच ऐकले असते, तर समुद्रात काम खोळंबले नसते. माहूलच्या हवेची आधीच तपासणी झाली असती, तर इमारती बांधून वर भाडे भरण्याची पाळी आली नसती. लोकांना विचारण्यात वेळ जातो. न विचारण्यात वेळही जातो आणि पैसाही.

दुसरा दोष चळवळींचा आहे आणि तोही मान्य केला पाहिजे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्या न्यायालयावर अतोनात विसंबल्या. १९८१च्या ऐन पावसाळ्यात फुटपाथवासीयांना शहराबाहेर घालविण्याची मोहीम निघाली, तेव्हा त्यातून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे ऐतिहासिक तत्त्व सांगितले. पण त्याच निकालाने झोपड्या हटविण्यास अनुमती दिली. फक्त पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबावयास सांगितले. तत्त्व पुस्तकात गेले आणि बुलडोझर वस्तीत आला. न्यायालय संघटनेला हत्यार देऊ शकते. पण ते उचलण्यास हात संघटनेचेच लागतात.

काय करता येईल?

तीन मागण्या तातडीच्या आहेत. शहरांतील अन्नसुरक्षेची मर्यादा जुन्या जनगणनेतून व जुन्या उत्पन्नाच्या अटीतून सोडवावी; शहरात राहणाऱ्या प्रत्येक श्रमिकाला, त्याच्या खोलीचा कागद असो वा नसो, शिधापत्रिका मिळावी. दुसरे, कोणत्याही वस्तीचे स्थलांतर करण्यापूर्वी नव्या जागेची हवा, पाणी आणि पुराचा धोका यांची तपासणी रहिवाशांच्या सहभागाने व्हावी आणि तिचा अहवाल मराठीत त्यांच्या हाती द्यावा. तिसरे, वॉर्डात खऱ्या अर्थाने लोकसभा भराव्यात. ७४वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली. पण खेड्यातल्या माणसाला ग्रामसभेत उठून बोलता येते, तसे व्यासपीठ मुंबईकरास मिळाले नाही. ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ या शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्याच मार्च महिन्यात २०५० पर्यंत कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे ध्येय ठेवणारा मुंबईचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध झाला. आराखडा आला आणि त्यावर जाब विचारणारे लोकनियुक्त सभागृह गेले. असले आराखडे कितीही अभ्यासपूर्ण असले, तरी नाल्याकाठच्या बाईला त्यात बोलता येत नसेल, तर ते कपाटात राहतात.

या मागण्या सरकारकडे आहेत. एक मागणी मात्र वाचकांकडेच करावयाची आहे. शिक्षकाला माहीत असते की, वर्गातील कोणता मुलगा उपाशी येतो आणि पाऊस पडला की कोणती बाके रिकामी राहतात. कारकुनाला माहीत असते की, फाइल कोठे अडते आणि अर्जात कोणता शब्द नसला म्हणजे तो परत जातो. विद्यार्थ्याला नकाशा वाचता येतो आणि त्याच्यापाशी वेळ असतो. हे तीन प्रकारचे ज्ञान वस्तीतील संघटनेपाशी क्वचितच असते, आणि त्यावाचून तिची शक्ती वाया जाते. महिन्यातून एक रविवार शेजारच्या वस्तीत जाऊन दहा कुटुंबांचे रेशनचे अर्ज भरून देणे, हे कोणत्याही घोषणेपेक्षा मोलाचे काम आहे. ते करताना त्या कुटुंबांशी ओळख होईल, त्यांची तक्रार आपली वाटू लागेल आणि आपलीही एखादी तक्रार त्यांना सांगावीशी वाटेल.

पांढरे कार्ड मिळाले तेव्हा आपण रांगेतून सुटलो, असे मध्यमवर्गाला वाटले. वस्तुतः त्याची रांग तेवढी बदलली. पूर आला की तो त्याच पाण्यातून घरी चालतो, त्याच धुरकट हवेत श्वास घेतो आणि घराच्या हप्त्यापायी तोही दरवर्षी शहरापासून एक स्टेशन दूर सरकतो. १९७२ साली रेशनच्या दुकानाने जे लोक शेजारी उभे केले, त्यांना आता आपण होऊन शेजारी यावे लागेल. ते जितके लांबेल, तितकी पावसाळ्यापूर्वीची मुदत कमी होत जाईल.